उचकी, मळमळ आणि लवंग-पर्सिमॉनचा चिनी काढा: सासऱ्यांना द्यावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यातलं महत्त्वाचं आधी एकत्र मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सासरे 71 वर्षांचे, पुण्याहून सिंगापूरला तुमच्याकडे आलेत, शुगर आहे, वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे. तीन दिवस झाले उचकी येते, थांबते, परत सुरू होते, सोबत मळमळ, जेवण अर्ध्यावर आलंय. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींनी मेडिकल हॉलमधून, म्हणजे इथल्या चिनी औषधांच्या दुकानातून, पुडी आणून दिली, त्यात लवंगा, लाकडासारख्या कडक तपकिरी चार पाकळ्यांच्या टोप्या आणि जिनसेंगचे काप, आणि वर म्हणाल्या आलं टाकून उकळा. द्यायचं का, एवढाच तुमचा प्रश्न.

आज देऊ नका. पुडी चुकीची नाहीये हां, आजींना व्यवस्थित माहितीये त्या काय देतायत ते. पण तीन दिवस म्हणजे 48 तासांच्या वर गेलं, आणि 48 तासांच्या वरची उचकी ही घरगुती उपायांची उचकी राहत नाही, मग तो उपाय आपला असो की चिनी. त्यात वय, शुगर आणि वॉरफरिन. आधी त्यांना डॉक्टरकडे न्या, आजच, उद्या नाही. काय तपासायला सांगायचं ते खाली लिहिते. आणि ते झाल्यावर या काढ्याचा नंबर येऊ शकतो, तोही जिनसेंग बाजूला काढून. मी हे शास्त्र चीनमध्ये शिकले आणि इथे सिंगापूरमध्ये बरीच वर्षं प्रॅक्टिस करतेय, हा काढा मी स्वतः लिहून देते, म्हणून तो कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही हे जरा पसरून सांगते.

त्या टोप्या म्हणजे पर्सिमॉनच्या फळाच्या देठाशी जो हिरवा चार पाकळ्यांचा भाग असतो ना, तो वाळवलेला. चिनीत त्याला शिदी म्हणतात. पर्सिमॉन म्हणजे हल्ली आपल्याकडेही थंडीत मिळतं ते केशरी फळ, हिमाचलमधून येतं, फळवाले त्याला अमरफळ किंवा जपानी फळ म्हणतात. चीनमध्ये शरद ऋतूत फळ पिकलं की खायचं आणि टोप्या धुऊन उन्हात वाळवून ठेवायच्या, इतकं साधं औषध आहे ते. हातात घेतलं तर एक बाजू जरा खडबडीत, दुसऱ्या बाजूला मधोमध फळ तुटल्याची गोल खूण, कडेला बारीक लव, आणि चव विचाराल तर तुरट, अगदी जीभ ओढून धरेल अशी तुरट. वास जवळजवळ नाहीच. या टोप्यांचं काम चिनी वैद्यकात एकच सांगितलंय, वर उसळणारं पोट खाली बसवणं, म्हणजे उचकी थांबवणं. दुसरं काही नाही, ताकद वाढवत नाही, पचन सुधारत नाही, फक्त ते. इतकं एकमार्गी औषध चिनी पेटाऱ्यात फार कमी सापडतं.

लवंग तर आपलीच. म्हणजे आपली तरी कुठे, मूळची ती इंडोनेशियातल्या मलुकू बेटांची, तिथून चीनला गेली तशी आपल्याकडेही आली. चीनच्या हान राजवटीत दरबारातले अधिकारी सम्राटासमोर बोलताना तोंडात लवंग धरायचे, तोंडाचा वास येऊ नये म्हणून, आणि दुसऱ्या शतकातला सम्राट हुआन याच्याबद्दल एक किस्सा आहे की त्याने एका म्हाताऱ्या दरबाऱ्याला लवंग दिली, त्या बिचाऱ्याला ती झोंबली तर त्याला वाटलं सम्राटाने विष दिलं, तो घरी जाऊन घरच्यांचा निरोप घ्यायला लागला. असो. औषध म्हणून लवंग गरम, पोटाला ऊब देणारी, मळमळ खाली बसवणारी. म्हणजे टोपी दाबते आणि लवंग गरम करते, आल्याचं काम दोघांना जोड देणं आणि ओकारी रोखणं, आणि जिनसेंग आत ताकद भरायला. चारही वस्तूंचा काढा म्हणजे दिंगश्यांग शिदी थांग. यातलं लवंग-टोपी-आलं हे त्रिकूट जुनं आहे, 1253 च्या सुमाराच्या येन योंगह यांच्या जीशंग फांग या ग्रंथात ते येतं, जिनसेंग त्यात नंतरच्या वैद्यांनी घातलं. जपानमध्ये आजही हे जिनसेंग नसलेलं त्रिकूट त्यांच्या कॅम्पो या पारंपरिक वैद्यकात उचकीवर वापरतात.

आता खरा मुद्दा. हा काढा उचकीवरचा काढा नाहीये, तो गारठलेल्या आणि थकलेल्या पोटाच्या उचकीवरचा काढा आहे. हा फरक दुकानात कुणी सांगत नाही, आणि इंटरनेटवर तर नाहीच नाही, तिथे सरळ "हिचकी पर चीनी नुस्खा" म्हणून फिरवतात.

चिनी हिशोबात पोटाचा धर्म खाली जाण्याचा. खाल्लेलं खाली गेलं पाहिजे. ते उलटं वर यायला लागलं की ढेकर, मळमळ, ओकारी, उचकी, ही सगळी एकाच घरातली भावंडं. पण उलटं का फिरलं याची कारणं वेगळी. गारठ्याने फिरलं तर उचकी संथ येते, खोलवरून येते, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली की बरं वाटतं, गार पाणी प्यायलं की वाढते, तहान नसते, जिभेवर पांढरा ओलसर थर. माणूस म्हातारा असेल, आजारातून उठलेला असेल, तर आवाजही दमलेला येतो. इथे लवंग-टोपी. उष्णतेने फिरलं तर उचकी मोठी, खणखणीत, एकामागून एक, तोंडाला वास, गार पाणी हवं, पोट साफ नाही, जीभ लाल आणि थर पिवळा. अशा माणसाला लवंग आणि जिनसेंग पाजलं तर तुम्ही आगीत तेल ओतलं. तिथे बांबूच्या खोडाचा वरचा हिरवा साल काढून आतला जो थर खरवडतात, तो आणि संत्र्याच्या जातीची वाळकी साल असा काढा असतो, जुपी झुरू थांग, तो तर अजून जुना, चांग चोंगचिंग या जुन्या चिनी वैद्यांच्या ग्रंथातला, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासचा. त्यातही थोडं जिनसेंग आहे, पण कल थंडाव्याकडे. आणि तिसरा प्रकार म्हणजे भांडण झालं, टेन्शन आलं, छाती भरून आली आणि उचकी सुरू झाली, त्याची औषधं अजून निराळी, त्यात एक लोहखनिजाचा दगडसुद्धा कुटून घालतात, तो घरी उकळायच्या भानगडीत कुणी पडू नये.

आयुर्वेदवाल्यांना हे वाचून ओळखीचं वाटेल. चरकाने हिक्का (म्हणजे उचकी) आणि श्वास एकत्र घेतलेत आणि हिक्केचे पाच प्रकार केलेत, महाहिक्का, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा आणि अन्नजा. त्यातली क्षुद्रा आणि अन्नजा किरकोळ, आणि महाहिक्का-गंभीरा म्हटलं की वैद्याने सावध व्हायचं. चिनी वैद्यकही अगदी हेच सांगतं, की लांबलेल्या मोठ्या आजारात माणूस खंगलाय आणि त्यात थांबून थांबून क्षीण उचकी सुरू झाली तर ते पोटाची शक्ती संपत आल्याचं लक्षण समजायचं, त्याला औषध काय द्यायचं हा प्रश्न नंतरचा. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या वैद्यांनी पेशंटच्या उशाशी बसून जे पाहिलं ते सारखंच होतं.

म्हणूनच म्हणते आधी डॉक्टर. उचकी म्हणजे छाती-पोटामधला पडदा अचानक आवळतो आणि लगेच वर घशातली झडप बंद होते, तो "हिक्" आवाज झडपेचा. या पडद्याला आणि पोटाला जाणाऱ्या नसा मेंदूपासून मान, छाती असा लांबचा प्रवास करतात, त्या वाटेवर कुठेही काही खुपलं तरी उचकी लागते. पोट फुगलं, ॲसिड वर आलं ही रोजची कारणं. पण सोडियम उतरलं, किडनी नीट चालत नाही, मेंदूच्या मागच्या भागात छोटा स्ट्रोक, किंवा हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका, ही पण कारणं आहेत, आणि शुगरच्या पेशंटला हार्टचा झटका छातीत न दुखतासुद्धा येऊ शकतो, नुसती मळमळ, घाम, अस्वस्थपणा. सासऱ्यांच्या बाबतीत मला हेच आधी बाजूला काढून हवंय. तर डॉक्टरांना सांगा, ईसीजी, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, शुगर, आणि वॉरफरिन आहे म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी. आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, पुण्याहून आणलेल्या, इथे घेतलेल्या, आयुर्वेदिक, सगळ्या. स्टिरॉइड, झोपेच्या काही गोळ्या, हल्ली शुगर-वजनासाठी आठवड्याला घेतात ती इंजेक्शनं जी पोट हळू रिकामं करतात, यांनी उचकी किंवा मळमळ सुरू झालेली मी पाहिलीये. बोलताना जीभ जड, गिळताना ठसका, चालताना तोल जाणं, एका बाजूला बधिरपणा, छातीत दडपण, ओकारीत रक्त, काळी शी, यातलं एकही असेल तर पॉलिक्लिनिकची रांग लावू नका, सरळ इमर्जन्सी.

जिनसेंग का नाही ते आता. वॉरफरिनवर असलेल्या माणसाच्या रक्ताचा हिशोब फार नाजूक बांधलेला असतो. जिनसेंगने वॉरफरिनचा असर कमी होऊ शकतो, म्हणजे आयएनआर खाली, म्हणजे गुठळीचा धोका. दुसरीकडे लवंगेतलं युजेनॉल प्लेटलेट चिकटू देत नाही, म्हणजे रक्तस्रावाकडे ओढ. एक इकडे ओढतं एक तिकडे, म्हणून दोघं मिळून बरोबर होईल असं कृपा करून कुणी म्हणू नका, तसं गणित शरीरात चालत नाही. भाजीत पडणारी एखाद-दुसरी लवंग ही वेगळी गोष्ट, काढ्यातली ग्रॅममधली लवंग ही वेगळी. त्यामुळे डॉक्टरांनी तपासून "काही गंभीर नाही" म्हटलं तरी काढ्याआधी त्यांना विचारायचं, आणि इथे एखाद्या रजिस्टर्ड चिनी वैद्याला नाडी-जीभ दाखवायची. सिंगापूरमध्ये टीसीएम (पारंपरिक चिनी वैद्यक) प्रॅक्टिशनर्स बोर्ड आहे, रजिस्ट्रेशन त्यांच्या यादीत बघता येतं, दोन मिनिटांचं काम.

बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांना रक्त पातळ करायची गोळी नाही, गरोदर नाहीत, ऑपरेशन तोंडावर नाही, आणि उचकी खरंच गारठ्याची आहे, त्यांच्यासाठी हा काढा मी कसा करायला सांगते ते लिहिते. टोप्या 5 ते 9 ग्रॅम, लवंग 1 ते 3 ग्रॅम, हीच मापं चीनच्या सरकारी औषधसंहितेत आहेत. काही पाठात लवंग 6 ग्रॅमपर्यंत लिहिलेली दिसेल, मी तेवढी कधीच देत नाही, पोटात जळजळ होते आणि उपयोग काही दुप्पट होत नाही. ताज्या आल्याच्या तीन-चार चकत्या. जिनसेंगच्या जागी बहुतेकदा दांगशेन नावाचं दुसरं मूळ घालतो आम्ही, 9-10 ग्रॅम, ते सौम्य आणि स्वस्त, इथल्या प्रत्येक मेडिकल हॉलमध्ये मिळतं. आणि एक पाहा, घरात अमेरिकन जिनसेंग पडलेलं असतं ते "जिनसेंगच आहे की" म्हणून टाकू नका, ते थंड गुणाचं, इथे उलटं पडेल.

भांडं मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं घ्या, लोखंडी-ॲल्युमिनियम नको कारण टोप्यांमध्ये टॅनिन भरपूर, ते धातूशी भांडतं आणि काढा काळाभोर होतो. टोप्या हाताने तोडून, दांगशेन सोबत, साध्या पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, पाणी वर दोन बोटं येईल इतकं. मग उकळी आणून बारीक गॅसवर वीसेक मिनिटं. लवंग शेवटच्या पाच मिनिटांत टाकायची आणि झाकण ठेवायचं. लोक सुरुवातीलाच टाकतात आणि सगळं तेल वाफेबरोबर उडून किचनभर दरवळतं, घराला छान वास येतो आणि काढ्यात काही राहत नाही. गाळून, कोमट, घोट घोट, एका दमात नाही. मळमळ असेल तर आधी आल्याचा रस जिभेवर दोन थेंब, मग पाच मिनिटांनी काढा, नाहीतर पहिल्याच घोटाला ओकारी होते. दिवसात दोन वेळा, दोन-तीन दिवस, तेवढ्यात फरक पडला नाही तर तो काढा त्या माणसाचा नाही, रेटत बसू नये.

लवंग कशी ओळखायची ते पण सांगते, कारण तेल काढून घेतलेली लवंग बाजारात सर्रास मिळते, इथेही आणि भारतातही. चांगली लवंग नखाने दाबली की तेल सुटतं. आणि पाण्यात टाकली की फूल वर, देठ खाली अशी उभी बुडते. आडवी पडून तरंगत राहिली तर तिच्यातलं तेल गेलेलं आहे, ती मसाल्यालाही नको आणि औषधालाही नको.

एक गंमत अशी की चिनी परंपरेत कुठली औषधं एकत्र द्यायची नाहीत याचा एक श्लोकासारखा पाठ आहे, एकोणीस वस्तूंचा, विद्यार्थी तो तोंडपाठ करतात, आणि त्यात लवंगेची जोडी युजिनशी वर्ज्य आहे. युजिन म्हणजे हळदीच्याच कुळातल्या झाडांच्या मुळांना खाली ज्या गाठी येतात त्या, आपण खातो ते हळकुंड नव्हे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, कारण आपल्याकडे तर फोडणीत हळद आणि मसाल्यात लवंग रोजच. तर घाबरू नका, सासऱ्यांच्या आमटीतली हळद बंद करायची गरज नाही. पण काढ्यावर काढा, म्हणजे सकाळी चिनी आणि रात्री हळद-मिरीचा आपला, असं मात्र करू नका, विशेषतः वॉरफरिनवाल्यांनी.

कुणीतरी विचारणारच, हे सिद्ध झालंय का. आल्याचा मळमळीवर उपयोग, विशेषतः गरोदरपणातल्या, याचे अभ्यास बरे आहेत. मनगटावरच्या नेइग्वान या दाबायच्या बिंदूचे, ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी, त्याहून बरे. लवंग-टोपीच्या काढ्यावर चीनमध्ये अभ्यास झालेत पण बरेचसे छोटे, तुलना कच्ची, त्यावर मी कुणाशी पैज लावणार नाही. आणि प्रामाणिकपणे बघितलं तर लांबलेल्या उचकीवर ॲलोपथीकडेही फार भक्कम पुरावा नाही, 2013 च्या कोक्रेन आढाव्यात (ही संस्था झालेले सगळे अभ्यास एकत्र पारखते) औषधी किंवा बिगरऔषधी, कुठल्याच उपायाला पुरेसा आधार सापडला नव्हता. डॉक्टर बॅक्लोफेन, मेटोक्लोप्रामाइड, क्लोरप्रोमाझिन असं काही देतील, म्हाताऱ्या माणसाला त्याने झापड येते, तोल जातो, तेवढं लक्ष ठेवा, पण दिलं तर घ्या.

डॉक्टरकडे जाईपर्यंत किंवा गेल्यावरही चालेल असं बिनधोक काय, तर नेइग्वान. मनगटाच्या आतल्या बाजूला जी आडवी रेघ असते तिच्यापासून त्यांचीच तीन बोटं वर, मधल्या दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मध्ये, अंगठ्याने दाबून धरायचं, दोन-तीन मिनिटं, दोन्ही हातांवर आळीपाळीने. आणि भुवई जिथे नाकाजवळ सुरू होते तिथला खळगा, तो दोन्ही बाजूंनी एकदम दाबायचा, दुखेल इतका, आणि श्वास हळू. वॉरफरिन आहे म्हणून भुवईजवळ जोर बेताने, निळं पडेल. लिंगशू या दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकग्रंथात उचकीवर तीन उपाय दिलेत: गवताची काडी नाकात घालून शिंक काढणं, श्वास रोखून धरणं, आणि माणसाला अचानक दचकवणं. म्हणजे आपल्या आज्या जे करायच्या तेच. फक्त 71 वर्षांच्या माणसाला दचकवायचं सोडून द्या आणि शुगर असल्यामुळे आपला चमचाभर साखरेचा उपाय पण सोडा.

अजून दोन बारीक गोष्टी. टोप्या औषधी आहेत म्हणून पर्सिमॉनचं फळ त्यांना खायला घालू नका, चिनी मताप्रमाणे फळ थंड, आणि आधुनिक मताप्रमाणे कच्चट पर्सिमॉन रिकाम्या पोटी खाल्लं तर पोटात त्याचा दगडासारखा गोळा होऊ शकतो, ज्यांचं पोट शुगरमुळे हळू रिकामं होतं त्यांना तर जास्तच. सध्या मऊ भात, पेज, कोमट पाणी, थोडं थोडं चार-पाच वेळा, आणि जेवल्यावर लगेच आडवं नाही. जेवण कमी झालंय तर शुगरच्या गोळ्या तेवढ्याच चालू ठेवायच्या का हेही आजच विचारून घ्या, हे लोक विसरतात आणि रात्री शुगर खाली जाते.

आणि सासरे परत पुण्याला गेल्यावर टोप्या कुठे मिळतील असं तुम्ही शेवटी विचारलंय. सहजी मिळणार नाहीत. काही लोक सांगतील की टेंभुर्णी त्याच जातीचं झाड, विडीच्या पानाचं, तिच्या फळालाही तशीच टोपी असते, ती वापरा. जात एक आहे हे खरं, पण औषध म्हणून ती कुणी पारखलेली नाही, नाद करू नका. पुण्यात गारठ्याची साधी उचकी लागली तर आल्याची चकती मिठाला लावून चघळायची आणि एक लवंग तोंडात धरायची, त्यांना तेवढी चालेल. आजींची पुडी कोरड्या डब्यात घालून ठेवा, टोप्या वर्षभर टिकतात, आणि आजींना तपासणीत काय निघालं ते जाऊन सांगा, नाहीतर त्या रोज विचारायला येतील, उकळलं का म्हणून. आयएनआर आणि सोडियमचे आकडे आले की इथे टाका, मग पुढचं बोलू.